सुदानसाठी काँग्रेसमनच्या ऑफिसात जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी टेक्सासात राहते, नुकतीच इथली नागरिक झाले. पुण्यात शिकताना माझ्या वर्गात दोन सुदानी मुली होत्या. त्यांतली एक खार्टूमहून जीव मुठीत धरून निघाली आणि आता कैरोत आहे. तिचे मेसेज वाचून झोप लागत नाही. इथल्या काँग्रेसमनला, सिनेटरला 'युद्ध थांबवा' म्हणून पत्र लिहिलं तर काही उपयोग होतो, की ते सरळ टोपलीत जातं? आणि नाशिकचा माझा भाऊ विचारतो, भारतातून काही करता येईल का?"

उपयोग होतो. मात्र "युद्ध थांबवा" एवढंच लिहिलं तर जवळजवळ नाही. हे असं का, ते सांगायला मला सुदानच्या आधी येमेनला जावं लागेल, कारण मला जे काही येतं ते मी त्या युद्धात शिकले.

मी मिशिगनमध्ये राहते, पेशाने फार्मासिस्ट. डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमिक या आमच्या शेजारच्या गावांत येमेनी लोकांची मोठी वस्ती आहे. गाड्यांच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची ही दुसरी-तिसरी पिढी. मार्च २०१५मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली येमेनवर हवाई हल्ले सुरू झाले. त्यानंतर आमच्या काउंटरवर औषध घ्यायला येणाऱ्या बायका औषधाबरोबर बातमीही सांगायला लागल्या. साना, इब्ब, ताइझ ही नावं मला नकाशातून कळली नाहीत, रक्तदाबाच्या गोळ्या मोजता मोजता कळली. एडन तेवढं ठाऊक होतं, तेही वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. १८८३ साली ते तिथल्या तुरुंगात वारले, आणि त्या काळी एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा, एवढं शाळेतलं लक्षात होतं.

आपल्या काँग्रेसमनच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या आमच्या भागाच्या खासदाराच्या, स्थानिक ऑफिसात मी पहिल्यांदा गेले ते २०१६मध्ये. आम्ही तिघं होतो: मी, क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथातल्या एक निवृत्त शिक्षिका, आणि एक येमेनी किराणा दुकानदार. मी अकरा पानांची फाईल केली होती. झैदी इमामांपासून सुरुवात, १९६२ची क्रांती, १९९०चं एकीकरण, राष्ट्राध्यक्ष सालेह, सौदी ज्यांच्याविरुद्ध लढत होते ते हूथी बंडखोर, सगळं. समोर चोविशी-पंचविशीतला एक मुलगा पिवळं पॅड घेऊन बसला होता. तो मन लावून ऐकत होता, लिहीतही होता. दहा मिनिटांनी त्याचं पेन थांबलं आणि तो अगदी आदबीने म्हणाला, "फारच वाईट आहे हे. मग काँग्रेसमननी नेमकं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?"

मी म्हणाले, "शांततेसाठी प्रयत्न करावेत."

त्याने ते लिहून घेतलं. टेबलाच्या पलीकडून पॅड मला उलटं दिसत होतं. माझ्या अकरा पानांचं तिथे झालं होतं एवढंच: "येमेन. शांतता हवी." खाली एक रेघ.

बाहेर पार्किंगमध्ये त्या शिक्षिका मला म्हणाल्या, "शांतता त्याच्या साहेबांच्या खणात नाहीये. त्यांच्या खणात काय आहे, ते बघून ये आणि मग ते माग."

तेव्हापासून मी हे काम करते ते या एका वाक्यावर. दूरच्या देशात आग लागलेली असते. ती विझवा म्हणून आपण आपल्या प्रतिनिधीला सांगतो, आणि तोही बिचारा "हो, विझायलाच हवी" म्हणतो. दोघांचं समाधान होतं, आग तशीच राहते. त्याऐवजी विचारायचं असतं की या आगीत तेल कोण ओततंय, त्यातला आपल्या देशाचा डबा कोणता, आणि त्या डब्याच्या झाकणावर या माणसाचा हात पोचतो का. पोचत असेल तर तेवढंच मागायचं. पोचत नसेल तर ज्याचा पोचतो त्याच्याकडे जायचं.

येमेनच्या बाबतीत तो डबा अक्षरशः तेलाचाच होता. सौदी आघाडीच्या बाँबफेकी विमानांना हवेतल्या हवेत इंधन भरून देत होती ती अमेरिकन विमानं. बाँबही पुष्कळसे इथलेच. आणि युद्धात उतरायचं की नाही हे राष्ट्राध्यक्षाने एकट्याने ठरवू नये म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७३ साली केलेला कायदा आहे, वॉर पॉवर्स रिझोल्यूशन. त्या कायद्याखाली कोणीही सदस्य ठराव आणू शकतो आणि त्यावर मतदान टाळणं नेतृत्वाला अवघड जातं. म्हणजे मागणी तयार झाली: "या ठरावावर 'हो' म्हणून मत द्या." ती पॅडवर एका ओळीत मावते, आणि महिन्याभराने "दिलंत का?" असं विचारताही येतं.

सप्टेंबर २०१७मध्ये कॅलिफोर्नियाचे काँग्रेसमन रो खन्ना यांनी प्रतिनिधिगृहात तसा ठराव आणला. सोबत रिपब्लिकन पक्षाचेही लोक होते, आणि ते महत्त्वाचं होतं. पुढे २०१८च्या फेब्रुवारीत सिनेटमध्ये सँडर्स, ली आणि मर्फी यांनी आणला. २० मार्चला तो ५५ विरुद्ध ४४ मतांनी बाजूला सारला गेला. नेमक्या त्याच दिवशी सौदीचे युवराज व्हाइट हाउसमध्ये पाहुणे होते. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी नाद सोडला. मी सोडला नाही, त्याचं कारण काही थोर नव्हतं. ती ४४ मतं मला फार्मसीतल्या शिल्लक मालासारखी दिसत होती: एवढा आहे, अजून इतका लागेल.

मग ऑगस्टमध्ये सादा प्रांतातल्या दह्यान गावी शाळेच्या बसवर बाँब पडला. चाळीस मुलं गेली. बाँब अमेरिकन बनावटीचा होता हे तुकड्यांवरच्या आकड्यांवरून बाहेर आलं. २ ऑक्टोबरला इस्तंबूलमधल्या सौदी वकिलातीत सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांचा खून झाला. नोव्हेंबरमध्ये इंधन भरणं बंद झाल्याचं जाहीर झालं, अजून एकही ठराव मंजूर झालेला नसताना. आणि १३ डिसेंबर २०१८ला तोच ठराव सिनेटमध्ये ५६ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला. सात रिपब्लिकन सिनेटर बाजूने आले. त्याच दिवशी स्वीडनमध्ये येमेनचं सरकार आणि हूथी या दोन्ही बाजूंनी होदैदा बंदराभोवती युद्धबंदी मान्य केली. येमेनचं बरंचसं धान्य त्याच बंदरातून आत जातं, त्यामुळे तिथली लढाई थांबणं म्हणजे लाखो घरांतली चूल वाचणं.

आता खरं बोलायचं तर मार्चमधले ४४ डिसेंबरात ५६ झाले ते आमच्या फोनांमुळे झाले, असं मी म्हणणार नाही. खाशोगींच्या खुनाने जे केलं ते आमच्या हजार फोनांनी झालं नसतं, आणि चाळीस पोरांपेक्षा एका पत्रकाराचं मरण वॉशिंग्टनला जास्त लागलं, हे आमच्या येमेनी शेजाऱ्यांना कसं वाटलं असेल ते मी इथे लिहीत नाही. पण तो संताप उसळला तेव्हा तो ओतायला भांडं तयार होतं. ठराव लिहिलेला होता, त्याचं नाव स्टाफच्या तोंडी बसलेलं होतं, कोण कुठे अडलंय ते ठाऊक होतं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली असती तर पाणी लागेपर्यंत सगळे तहान विसरून गेले असते.

दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, काय झालं तेही सांगायलाच हवं, कारण तुम्ही या कामात पडलात तर तुमचंही असंच होणार आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये तिथे लांडग्यांवरचं एक विधेयक आलं. खरोखरचे लांडगे, जंगलातले. ते चर्चेला घेण्याच्या नियमात नेतृत्वाने हळूच एक कलम घातलं की येमेनच्या ठरावाला तातडीच्या मतदानाचा हक्क राहणार नाही. महिन्याने शेतकी विधेयकाच्या नियमात पुन्हा तेच केलं, आणि तो नियम २०६ विरुद्ध २०३ मतांनी पास झाला. तीन मतांचा फरक! त्या आठवड्यात आमच्यातला जो तो काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करून "येमेनवर मत द्या" असं सांगत होता, आणि पलीकडची मुलगी प्रामाणिकपणे म्हणत होती, "या आठवड्यात येमेनवर मतदान नाहीये." ती खोटं बोलत नव्हती. मतदान शेतीवर होतं. घोडं पेंड कुठे खातंय ते आम्हाला दोन दिवस उशिरा कळलं. तेव्हापासून मी विषयाची बातमी वाचते त्याहून जास्त बारकाईने सभागृहाचा कामकाजाचा कागद वाचते.

२०१९मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर केला, सिनेटने ५४-४६ने आणि प्रतिनिधिगृहाने २४७-१७५ने. १६ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी व्हेटो वापरला. तो उलटवायला दोन तृतीयांश मतं लागतात, सिनेटमध्ये ५३ पडली. म्हणजे कागदावर आम्ही हरलो. पण बंद झालेलं इंधन पुन्हा सुरू झालं नाही, आणि हरलेली गोष्ट हातात अशी काहीतरी ठेवून जाते. युद्ध त्यानंतरही चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२१च्या अखेरीपर्यंत ३,७७,००० माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त भुकेने आणि आजाराने. मोठी युद्धबंदी झाली ती २ एप्रिल २०२२ला. त्यात ओमानची मध्यस्थी होती, सौदीचा थकवा होता, रणांगणावरची कोंडी होती. इंधनाचं झाकण हा त्यातला एक धागा, एवढंच मी म्हणेन.

आता सुदान. १५ एप्रिल २०२३पासून जनरल बुऱ्हान यांचं सैन्य आणि हेमेदती यांची रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढताहेत. एक कोटीहून जास्त माणसं घरातून उठली. दार्फुरमधलं अल-फाशर दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये पडलं. तुम्हाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. प्रश्न आहे तो अमेरिकेच्या डब्याचा, कारण इथे अमेरिकन विमान इंधन भरत नाहीये. साखळी एक कडी लांब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०२४च्या सुरुवातीला म्हटलं की संयुक्त अरब अमिराती चाडमधल्या अम्दजारास विमानतळामार्गे या निमलष्करी फौजेला शस्त्रं पुरवते, या आरोपांत तथ्य दिसतं. अमिराती हे नाकारते. अमेरिका अमिरातीला शस्त्रं विकते. आणि जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याने या फौजेने वंशसंहार केल्याचं जाहीर केलं. या तीन वाक्यांत तुमची मागणी बसलेली आहे: ज्याला आपण वंशसंहार म्हणतो त्याला शस्त्रं पोचवणाऱ्याला आपण शस्त्रं विकू नयेत. सिनेटर ख्रिस व्हॅन हॉलेन आणि काँग्रेसवुमन सारा जेकब्स यांनी अमिरातीच्या शस्त्रविक्रीला अट घालण्याची विधेयकं आणलेली आहेत. फोन करण्याआधी काँग्रेसच्या संकेतस्थळावर जाऊन चालू विधेयकाचा नंबर बघा. दर नव्या काँग्रेसबरोबर, म्हणजे दर दोन वर्षांनी, नंबर बदलतो, आणि जुना नंबर सांगितला की समोरच्याला कळतं की तुम्ही कुठूनतरी पाठ करून आलाय.

दुसरा डबा पाण्याचा आहे, तोही विसरू नका. सुदानमध्ये जिथे मोठ्या संस्था पोचत नाहीत तिथे गल्लीतल्याच तरुणांनी 'आपत्कालीन प्रतिसाद कक्ष' उभे केले आणि सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा त्यांतली शेकडो बंद पडली. मदतनिधीचा खर्च काँग्रेस ठरवते. तुमचे काँग्रेसमन शस्त्रविक्रीवर तुमच्या उलट मताचे असले, तरी या स्वयंपाकघरांना पैसे द्या म्हणायला त्यांना अडचण नसते. भेटीत एक अवघड मागणी आणि एक सोपी मागणी न्यावी. सोपीवर "हो" मिळालं की पुढच्या भेटीचं दार उघडं राहतं.

पत्राचं काय होतं ते सांगते. टोपलीत जात नाही. २००१मध्ये अँथ्रॅक्सचे घातक जंतू भरलेली पत्रं आल्यापासून कॅपिटॉलकडे, म्हणजे संसदभवनाकडे, जाणारी टपाली पाकिटं आधी दुसरीकडे तपासली जातात, त्यामुळे वॉशिंग्टनच्या पत्त्यावर कागदी पत्र पाठवणं म्हणजे वेळेचं वाटोळं. त्यापेक्षा स्थानिक ऑफिसला पाठवा, किंवा संकेतस्थळावरचा फॉर्म भरा, किंवा सरळ फोन करा. बहुतेक ऑफिसांत फोन उचलणारा इंटर्न विषय, बाजू आणि झिप कोड टिपतो. आठवड्याला त्याची बेरीज वर जाते. एकसारख्या मजकुराच्या पाचशे ईमेल आल्या तर त्या पाचशे म्हणून मोजल्या जातात, पण वाचली जाते ती एकच. स्वतःच्या शब्दांतली चार वाक्यं असली तर ती परराष्ट्र धोरण बघणाऱ्या स्टाफरपर्यंत पोचण्याची शक्यता असते. मी फोनवर जे बोलते ते मराठीत मांडलं तर असं होईल: "मी अमुक, झिप कोड तमुक. अमुक नंबरच्या विधेयकाला काँग्रेसमननी को-स्पॉन्सर, म्हणजे सहप्रस्तावक, व्हावं यासाठी फोन करतेय. ते आहेत का? नसतील तर त्यांची भूमिका काय? ठरली नसेल तर परराष्ट्र धोरण कोण बघतं, त्यांचं नाव आणि ईमेल मिळेल का? मला लेखी उत्तर हवंय." चाळीस सेकंद. नाव मिळालं की खरं काम सुरू होतं, कारण पुढची दोन वर्षं तुमचा संबंध त्या नावाशी आहे.

झिप कोडवरून आपल्या लोकांची एक खोड आठवली. आमच्या डेट्रॉइटमधून २०२२ साली बेळगावचे श्री ठाणेदार निवडून गेले, तेव्हा मला दुसऱ्या राज्यांतल्या ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन आले: "आपला माणूस आहे, त्यांनाच लिहू या की!" लिहा, अभिनंदन करा. पण तुमचा झिप कोड त्यांच्या मतदारसंघातला नसेल तर तुमचा फोन मोजला जात नाही. तुमचा माणूस तो, ज्याच्या नावापुढे तुम्ही मत देता, मग तो मराठी असो की टेक्सासचा गुरेवाला, आणि तुम्ही त्याला मत दिलं असो वा नसो. उलट न दिलेलं असेल तर ते सांगू नका. ते विचारत नाहीत.

उत्तर येईल. दोन-तीन आठवड्यांनी, छान लेटरहेडवर. ते वाचायची एक रीत आहे. पहिले दोन परिच्छेद सोडून द्या, त्यात सुदानचा इतिहास आणि "आपली चिंता मला समजते" असं असतं. मला ते आपल्याकडच्या "बघतो, बघू या" सारखं वाटतं. शेवटच्या परिच्छेदातली क्रियापदं बघा. "परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे" म्हणजे काही करणार नाही. "हे विधेयक सभागृहासमोर आलं तर आपले विचार ध्यानात ठेवेन" म्हणजे ठरलेलं नाही आणि कोणी दाबही दिलेला नाही, इथे जोर लावायला जागा आहे. "या विधेयकाला माझा विरोध आहे, कारण अमिराती आपला महत्त्वाचा सहकारी आहे" हे उत्तर आलं तर नाराज होऊ नका, मला ते सगळ्यांत आवडतं. त्यात कारण असतं, आणि कारणाला उत्तर देता येतं. आमच्या एका सिनेट ऑफिसातून आलेलं असं पत्र घेऊन आम्ही परत गेलो, त्यातल्या एकेका ओळीवर बोललो. तो स्टाफर पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसला.

तुमच्या मैत्रिणीबद्दल जरा थांबून सांगते. आमच्याबरोबरच्या त्या येमेनी दुकानदाराला पहिल्या भेटीत एक शब्द फुटला नव्हता. दुसऱ्या भेटीत मी पाठवलेली आकडेवारी वाचून दाखवायची असं ठरलं होतं. त्याने कागद बाजूला ठेवला आणि खिशातून फोन काढला. त्याच्या आईने इब्बहून गव्हाच्या पिठाच्या पोत्याचा फोटो पाठवला होता, वर मार्करने किंमत लिहिलेली. त्याखाली गेल्या वर्षीच्या त्याच पोत्याचा फोटो. तो एवढंच म्हणाला, "दर महिन्याला मी पाठवतो ते पैसे तेवढेच आहेत." स्टाफरने फोन हातात घेऊन दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. त्या भेटीतून निघताना त्याने आम्हाला विचारलं की बंदर बंद असण्याचा पिठाच्या किमतीशी काय संबंध, आणि मग माझ्या अकरा पानांतलं दीड पान कामाला आलं.

म्हणून मैत्रिणीला विचारा, तिच्या परवानगीने, की तिचा कोणता मेसेज तुम्ही वाचून दाखवू शकता. नाव, गल्ली, नातेवाईक कुठे आहेत, हे गाळा. सुदानमध्ये मागे राहिलेल्यांचा जीव त्यावर असू शकतो. नको म्हणाली तर विषय सोडा. प्रेतांचे फोटो नेऊ नका. समोरचा मान वळवतो आणि भेट तिथेच संपते, शिवाय त्या मेलेल्यांनाही कोणी विचारलेलं नसतं.

आणि एका बाजूचे वकील होऊ नका. येमेनमध्ये सौदी बाँबविषयी बोलताना आम्ही हूथींनी पेरलेल्या सुरुंगांबद्दल, त्यांनी लढायला नेलेल्या पोरांबद्दल स्वतःहून बोलायचो. आम्ही नाही बोललो तर समोरचा बोलायचा, आणि मग आम्ही बचावात. सुदानमध्येही सैन्याच्या विमानांनी बाजारांवर बाँब टाकलेत. ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. डब्याविषयी बोलताना तुमचा शब्द मग जास्त ठोस वाटतो.

तुमच्या गटात व्हिसावरची मंडळी असतील. प्रतिनिधीला लिहायला, भेटायला नागरिकत्व लागत नाही. ते त्या भागात राहणाऱ्या सगळ्यांचे प्रतिनिधी आहेत. निवडणुकीसाठी देणगी मात्र नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले यांनीच द्यायची, बाकीच्यांना ती बेकायदा आहे. पण सध्याचं वातावरण बघता ज्याचा व्हिसा अधांतरी आहे त्याला पुढे करू नका. त्याने मागे बसून कागद तयार करावा. "राजकारणात कशाला पडतेस" हे घरचं वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच, मला आजही ऐकावं लागतं. सासूबाई सोडून बाकी सगळ्यांना मी आता उत्तर देत नाही.

आता नाशिकच्या भावाचं. भारतात खासदारावर मतदारसंघातून परराष्ट्र प्रश्नावर दबाव येतो असं क्वचितच घडतं, आणि पक्षादेशापुढे एकट्या खासदाराचं मत फारसं हलत नाही. त्यामुळे इथली अमेरिकन युक्ती तिथे जशीच्या तशी चालणार नाही. पण प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक खासदाराला आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकित प्रश्नाला लेखी. अतारांकितचं महत्त्व लोक कमी समजतात. परराष्ट्र खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं आणि ते कायमचं नोंदलं जातं. भावाने खासदारांच्या ऑफिसला तयार मसुदा द्यावा, दोन-तीन उपप्रश्नांचा: २०२३पासून भारताने सुदानला किती आणि कोणती मानवतावादी मदत पाठवली? युद्धबंदीच्या वाटाघाटींबाबत भारताने अमिराती, सौदी आणि इजिप्तशी चर्चा केली का? भारतात शिकणाऱ्या सुदानी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या मुदतीबाबत सरकारचं धोरण काय? शेवटचा प्रश्न पुण्याजवळच्या खासदाराला तर सहज पटेल, कारण हे विद्यार्थी त्यांच्याच गावात राहतात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच द्यायला हवा, कारण प्रश्नाची सूचना आधी किमान १५ दिवस द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न लागणार ते सोडतीने ठरतं. म्हणून एकाच नव्हे, चार खासदारांकडे द्या.

"सुदानशी आपला काय संबंध" असं कोणी विचारलंच तर भावाला दोन गोष्टी सांगता येतील. खडकवासल्याला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, जी घुमटाची मुख्य इमारत आहे तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी सुदानने जी देणगी दिली, तिच्यातून ती उभी राहिली. आणि १९५३ साली सुदानची पहिली निवडणूक घ्यायला गेले ते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. शिवाय एप्रिल २०२३मध्ये 'ऑपरेशन कावेरी'तून हजारो भारतीयांना पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे परत आणलं, त्यामुळे खात्याला तो देश नवा नाही.

तुमच्याकडे वळते. काँग्रेसचे लोक सुट्टीच्या काळात, विशेषतः ऑगस्टमध्ये, आपापल्या मतदारसंघात असतात. भेट स्थानिक ऑफिसातच मागा. वॉशिंग्टनला विमानाने जायची गरज नाही. चार-पाच जण पुरेत. त्यात एक तरी चर्चचा, एक तरी जुना टेक्सासवाला असू द्या, नुसते आपणच नको. कोण सुरुवात करणार, कोण मागणी मांडणार, कोण लिहून घेणार, हे गाडीत बसायच्या आधी ठरवा. निघताना विचारा, "उत्तर कधीपर्यंत कळेल?" आणि त्या तारखेला फोन करा. मत तुमच्या मनासारखं पडलं तर आभाराचा फोन करायचा. तो कोणी करत नाही, म्हणून लक्षात राहतो. आमच्या त्या पिवळ्या पॅडवाल्या मुलाने पुढे नोकरी बदलली, दुसऱ्या ऑफिसात वरच्या जागेवर गेला, आणि दोन वर्षांनी तिथे आमची भेट घडवून आणली ती त्यानेच.

भेटीची वेळ मिळाली की मला कळवा आणि तुम्ही नेणार तो कागद पाठवा, मी वाचून देते. एकच पान. मागणी पहिल्या ओळीत.